फ्लाइट वेबसाइटवरून गायब, तिकीट मात्र कन्फर्म: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. छोट्या शहरातून मुंबईची थेट फ्लाइट तीन महिने आधी बुक केली होती. सहज म्हणून तीच तारीख पुन्हा शोधली तर फ्लाइट दिसेना. मागच्या-पुढच्या तारखांनाही नाही. एअरलाइनचा मेसेज नाही, मेल नाही. बुकिंग उघडलं तर अजूनही ‘कन्फर्म्ड’. त्याच रात्री मुंबईहून लंडनचं वेगळं काढलेलं तिकीट आहे. आत्ताच रद्द करून मोकळं व्हावं का?

नाही. आत्ता काहीही रद्द करू नका, आणि उद्या मेल आलाच तर त्यातलं ‘स्वीकारा’ हे बटणही लगेच दाबू नका. फ्लाइट कंपनीने रद्द केली की तुम्ही, यावर तुमचे सगळे पैसे ठरतात. फ्लाइट खरंच बंद होणार असेल तर कंपनी आज ना उद्या ती रद्द करणारच आहे. तिच्या आधी तुम्ही केलीत, तर तिचा खर्च तुम्ही भरलात.

हिशेब मांडून बघू. उदाहरणासाठी कोल्हापूर–मुंबई धरू, तिकीट ४,२०० रुपयांचं. त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ३,४००, त्यावर ५ टक्के जीएसटी १७०, आणि विमानतळाची शुल्कं वगैरे ६३०. तुम्ही स्वतः रद्द केलं तर कंपनीला मूळ भाडं अधिक इंधन अधिभार एवढ्यापर्यंत रद्दीकरण शुल्क कापता येतं. स्वस्त भाड्याच्या तिकिटात ते बहुतेक सगळंच कापलं जातं आणि हातात सहा-सातशे रुपये पडतात. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण ४,२०० परत, किंवा फरक न भरता दुसरी फ्लाइट. चार जणांचं जाण्या-येण्याचं बुकिंग असेल तर हा फरक पंचवीस-तीस हजारांपर्यंत जातो.

आता फ्लाइट खरंच बंद झाली आहे का, हे आधी पक्कं करा. एका तारखेला फ्लाइट न दिसणं हा पुरावा नाही. सीट संपल्या असतील तरी काही साइट ती फ्लाइट दाखवतच नाहीत. म्हणून एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर, तुमच्या तारखेच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा दिवस एकेक करून बघा. कुठल्याच दिवशी थेट फ्लाइट नाही, सगळीकडे हैदराबाद किंवा बंगळूरु फिरून जाणारे पर्याय दिसतात, म्हणजे सेक्टर, म्हणजे दोन शहरांमधला तो मार्गच, काढला. फक्त मंगळवार-गुरुवार-शनिवार दिसते आणि तुमचं तिकीट शुक्रवारचं आहे, म्हणजे रोजची फ्लाइट आठवड्यातून तीन दिवसांवर आणली. पूर्ण बंद होण्यापेक्षा हे जास्त वेळा होतं, आणि त्यावर तोडगाही सोपा असतो. वेळ जवळपास तीच पण फ्लाइटचा नंबर वेगळा दिसत असेल तर नुसता नंबर बदलला आहे, काळजी नको. परतीच्या दिशेलाही हीच तपासणी करा, कारण जाणं काढलं की येणंही बहुधा गेलेलं असतं.

बंद होण्याची तारीख कोणती, हेही बघा. ती मार्चचा शेवटचा रविवार किंवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार यांच्या आसपास असेल तर कोडं सुटलं. जगभरातली उड्डाण-वेळापत्रकं या दोन रविवारी बदलतात: मार्चपासून उन्हाळी, ऑक्टोबरपासून हिवाळी. अडचण अशी की एअरलाइन तिकिटं दहा-अकरा महिने आधीपासून विकतात, तर पुढच्या हंगामाचे स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा) आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाची, मंजुरी हंगाम जवळ आल्यावर ठरते. तोवर जे विकलं जातं ते चालू वेळापत्रक पुढे ओढून विकलेलं असतं. म्हणजे पैसे घेतले, पीएनआर दिला, म्हणून त्या दिवशीची फ्लाइट मंजूर झाली आहे असं नसतं. डीजीसीए आपल्या साइटवर प्रत्येक हंगामाचं मंजूर देशांतर्गत वेळापत्रक टाकतं. त्यात तुमचा सेक्टर नसेल तर शंका उरत नाही.

छोट्या विमानतळांवर आणखी एक कारण असतं, ते म्हणजे उडान, छोटी शहरं विमानाने जोडण्याची केंद्राची योजना. त्या योजनेतल्या मार्गाला सरकारकडून तूट भरून मिळते, पण साधारण तीन वर्षांसाठीच. मुदत संपली की फ्लाइट स्वतःच्या पायावर चालवायची किंवा सोडायची. सिंधुदुर्गात चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला तो मुंबईच्या फ्लाइटने. तीन वर्षांची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये ती सेवा थांबली. मुंबईचा स्लॉट हा तर सोन्याचा तुकडा. सत्तर-बहात्तर सीटचं एटीआर उतरवायचं की त्याच वेळेत एकशे ऐंशी सीटचं एअरबस, असा प्रश्न आला की छोट्या शहराचं काय होतं ते सांगायला नको. तुमच्या गावची फ्लाइट उडानमधली असेल तर ती कधी सुरू झाली होती ते आठवा आणि तीन वर्षं मोजा. त्या तारखेच्या पलीकडचं तिकीट हे अर्धं तिकीट समजायचं.

आता तुम्हाला मेसेज का आला नाही. सेक्टर काढताना कंपनी आधी नवी विक्री बंद करते. यालाच आपण ‘गायब झाली’ म्हणतो. ज्यांनी आधीच बुकिंग केलं आहे त्यांचे पीएनआर मात्र तसेच राहतात, कधी चार दिवस तर कधी महिना-दीड महिना. मग एका रात्री वेळापत्रकातला बदल सिस्टिममध्ये ढकलला जातो. एजंटच्या पडद्यावर तुमच्या फ्लाइटच्या ओळीत तोवर ‘एचके’ दिसत असतं, म्हणजे कन्फर्म. बदल पोचला की त्याच ओळीचं ‘यूएन’ होतं, म्हणजे ही फ्लाइट आता चालत नाही. आणि पर्याय लावला गेला असेल तर खाली नवी ओळ येते, तिच्यापुढे ‘टीके’. हा पीएनआर मग एजंटच्या रांगेत जाऊन पडतो. एजंटने ती रांग उघडायची, तुम्हाला विचारायचं आणि स्वीकारायचं किंवा नाकारायचं, अशी रीत आहे. रांग कोणी उघडलीच नाही, तर तुम्हाला कळतच नाही.

ऑनलाइन पोर्टलवरून किंवा गल्लीतल्या एजंटकडून काढलेल्या तिकिटात बऱ्याचदा मोबाइल आणि ईमेल एजंटचाच टाकलेला असतो. एअरलाइनच्या लेखी तिने ‘प्रवाशाला’ कळवलं, संपलं. म्हणून आजच एअरलाइनच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा आणि संपर्कात स्वतःचा नंबर आणि मेल घाला. याला पैसे पडत नाहीत, आणि नियमातही याला वजन आहे: प्रवाशाने नीट संपर्क दिला नव्हता असं ठरलं तर भरपाई मिळत नाही. त्याच वेळी बुकिंगचा आणि शोधाच्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भारतातल्या नियमाकडे येऊ. डीजीसीएच्या नागरी उड्डाण नियमावलीत रद्द फ्लाइटबद्दल दोन पायऱ्या आहेत. कंपनीने उड्डाणाच्या किमान दोन आठवडे आधी कळवलं तर प्रवाशाला मान्य असेल ती दुसरी फ्लाइट किंवा परतावा द्यायचा. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण २४ तास आधीपर्यंत कळवलं तरीही तेच. या दोन्हींत रोख भरपाई नाही. ती मिळते कळवलंच नाही तर, आणि एकाच तिकीट नंबरवरची पुढची फ्लाइट चुकली तर: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. परतावा किंवा दुसरी फ्लाइट याखेरीज हे पैसे. वादळ, पूर, संप, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना सूट आहे. सेक्टर परवडत नाही म्हणून सोडणं त्यात बसत नाही.

या नियमातले ‘प्रवाशाला मान्य असेल ती’ हे शब्द लक्षात ठेवा. मेलमध्ये तुमच्यासाठी परस्पर लावलेला पर्याय हा प्रस्ताव आहे, हुकूम नाही. सकाळी नऊच्या थेट फ्लाइटऐवजी दुपारी निघून हैदराबादला पाच तास बसून रात्री अकराला मुंबई, असलं काही तुमच्या गळ्यात आपोआप घातलेलं असतं. ते यंत्राने ठरवलेलं असतं, माणसाने नाही. त्यावर ‘स्वीकारा’ दाबलं की मात्र तोच तुमचा नवा करार. नंतर बदलायला गेलात तर ‘तुम्ही मान्य केलं होतं’ असं उत्तर मिळतं.

मग आत्ता फोन करायचा की थांबायचं? इथेच बहुतेक जण चुकतात. सिस्टिममध्ये ‘एचके’ असेपर्यंत कॉल सेंटरच्या मुलीला तुमची फ्लाइट चालूच दिसते. ती म्हणेल, ‘सर, तुमचं बुकिंग कन्फर्म आहे, बदल हवा असेल तर शुल्क आणि भाड्यातला फरक पडेल.’ ती खोटं बोलत नाही, तिच्या पडद्यावर तेच आहे. म्हणून प्रवासाला दोन महिन्यांहून जास्त अवधी असेल तर थांबा, पण आठवड्यातून दोनदा बुकिंग उघडून बघत राहा. तीन आठवड्यांच्या आत आलात आणि फ्लाइट अजूनही विक्रीत नाही, तर लेखी विचारा: ‘या तारखेला ही फ्लाइट चालणार आहे का?’ फोनवर नको, मेलवर किंवा चॅटवर. उत्तर ‘हो’ आलं तर तो तुमचा कागद, ‘नाही’ आलं तर रद्द त्यांनी केली.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून नव्हे. बातमी फुटते तेव्हा त्या एका विमानातले साठ-सत्तर प्रवासी, आणि आठवडाभराच्या फ्लाइटचे धरले तर चार-पाचशे, एकाच दिवशी त्याच दोन-तीन पर्यायांवर तुटून पडतात. म्हणून आपले पर्याय आधी हेरून कागदावर ठेवा: फ्लाइट नंबर, तारीख, वेळ. त्याच कंपनीच्या आदल्या दिवशीच्या फ्लाइट. मग जवळच्या विमानतळावरून त्याच कंपनीच्या. कोल्हापूरकरांना बेळगाव आणि पुणे, सिंधुदुर्गाला गोव्यातलं मोपा, जळगावला छत्रपती संभाजीनगर, शिर्डीला नाशिकचं ओझर. दुसरा विमानतळ कंपनी आपणहून सुचवत नाही. मागितला तर पुष्कळदा देते, कारण तिला सीट भरायचीच असते. दुसऱ्या कंपनीची फ्लाइट मात्र आपल्याकडे सहसा मिळत नाही. नियमात ‘दुसरी फ्लाइट’ एवढंच आहे, आणि कमी भाड्याच्या कंपन्यांचे आपसात तिकीट वर्ग करण्याचे करार क्वचितच असतात. त्यावर भांडण्यात तास घालवू नका.

आणि रेल्वेचा पर्याय आजच्या आज बघा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोल्हापूर–मुंबईला रात्रभराची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. तिचं कन्फर्म तिकीट काढून ठेवलं आणि वेळेत रद्द केलं तर थोडे पैसे जातात, पण ऐनवेळी तत्काळच्या शर्यतीत उतरावं लागत नाही. हा खर्च विम्याचा हप्ता समजा.

फोन किंवा मेल करायची वेळ आली की ‘आता काय करता येईल?’ असं विचारू नका. हवं ते मागा. मेल इंग्रजीत लिहा म्हणजे पुढच्या टेबलांवर अडत नाही. मजकूर साधारण असा: ‘पीएनआर अमुक. अमुक तारखेची कोल्हापूर–मुंबई फ्लाइट आपण वेळापत्रकातून काढली आहे. आपण लावलेला पर्याय मला मान्य नाही. मला अमुक नंबरची, अमुक तारखेची फ्लाइट भाड्यातला फरक न घेता द्यावी. ते शक्य नसल्यास दोन्ही बाजूंचे पूर्ण पैसे मूळ पेमेंट मार्गाने परत करावेत. क्रेडिट शेल नको. तिकीट मी रद्द केलेले नाही.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका. क्रेडिट शेल, म्हणजे पैसे कंपनीकडेच जमा ठेवून पुढे वापरणं, हा डीजीसीएच्या नियमाप्रमाणे प्रवाशाच्या मर्जीचा पर्याय आहे. तो आपोआप माथी मारता येत नाही. ज्या शहरातून कंपनीच निघून गेली, त्या शहरातल्या माणसाला तिचं क्रेडिट काय कामाचं!

‘दोन्ही बाजूंचे’ हेही मुद्दाम. जाण्या-येण्याचं एकच बुकिंग असेल आणि जाणं रद्द झालं, तर येण्याचेही पैसे मागता येतात. साइटवरचं परताव्याचं बटण कधी फक्त रद्द झालेल्या सेक्टरचेच पैसे देतं आणि उरलेला सेक्टर तुमच्या नावावर जिवंत ठेवतं. बटण दाबण्याआधी पडद्यावरचा आकडा आणि तुम्ही भरलेली एकूण रक्कम जुळते का ते पाहा. उलट, जाण्याची सोय तुम्ही रेल्वेने केली आणि येणं विमानानेच हवं असेल, तर जाण्याचा सेक्टर बुकिंगमधून रीतसर काढून घ्या. नुसते गेलाच नाहीत तर ‘नो-शो’ लागतो, आणि अनेक तिकिटांत त्यानंतर परतीचं आपोआप रद्द होतं.

कुटुंबाचं एकत्र बुकिंग असेल आणि आजी-आजोबांना परतावा, बाकीच्यांना दुसरी फ्लाइट असं हवं असेल, तर आधी पीएनआर वेगळा करून घ्या, मग पुढची कारवाई. एकत्र पीएनआरवर एकाचा परतावा टाकला की कधी सगळ्यांचाच पडतो, आणि तो उलटा फिरवणं महाकर्मकठीण. वेगळा करताना लहान मूल मोठ्या माणसाच्या पीएनआरमध्येच राहिलं ना, हे बघा.

आता तुमच्या लंडनच्या तिकिटाचं. ते वेगळ्या पीएनआरवर असल्यामुळे पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास मुंबईला संपतो. पुढची फ्लाइट चुकली तर तिची जबाबदारी नाही, आणि लंडनवाली कंपनीही ‘तुम्ही वेळेत आला नाहीत’ एवढंच म्हणणार. त्यामुळे पर्याय निवडताना त्याच दिवशीचा, हैदराबाद फिरून रात्री पोचणारा अजिबात घेऊ नका. आदल्या दिवशीची फ्लाइट मागा किंवा सरळ रेल्वे. मुंबईतली एक रात्र हॉटेलात काढणं हे लंडनचं तिकीट नव्याने काढण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. आणि हल्ली एक नवी भानगड आहे: डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू आहे. कधी सेक्टर बंद झालेला नसतो, मुंबईची फ्लाइट नवी मुंबईला हलवलेली असते, आणि मेलमध्ये फक्त तीन अक्षरांचा कोड बदललेला दिसतो. ‘मुंबई’ एवढंच वाचून स्वीकारलं तर पुढची आंतरराष्ट्रीय फ्लाइट मुंबईच्या जुन्या, सहार विमानतळावरून असताना तुम्ही नवी मुंबईतल्या उलव्यात उतरता. सामान घेऊन, रस्त्याने, गर्दीच्या वेळेला दोन तास धराच. विमानतळ बदलला हाही मोठा बदल आहे. तो नको असेल तर नाकारून परतावा मागा.

पर्याय मान्य झाला म्हणजे काम संपलं असं नाही. सगळ्यात वाईट घोळ इथे होतो. पीएनआर म्हणजे बुकिंग. तिकीट ही वेगळी चीज. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांत आणि एजंटच्या सिस्टिममधून काढलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात तिकिटाला १३ आकडी नंबर असतो (एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो). फ्लाइट बदलली की नव्या फ्लाइटशी जुळणारं तिकीट पुन्हा काढावं लागतं, त्याला रिइश्यू म्हणतात. पीएनआरमध्ये नवी फ्लाइट दिसते, तुम्ही निश्चिंत होता, पण तिकीट अजून जुन्या, न चालणाऱ्या फ्लाइटचंच असतं. वेब चेक-इनला ‘काउंटरवर भेटा’ असं येतं आणि काउंटरवर ‘तुमचं तिकीट नाही’. म्हणून बदलानंतर नवी ई-तिकीट पावती मागा. तिच्यावर नवा फ्लाइट नंबर, नवी तारीख आणि तिकीट नंबर तिन्ही असले पाहिजेत. चोवीस तासांत आली नाही तर पुन्हा फोन. पैसे भरून घेतलेली सीट, जेवण, जादा सामान हे सहसा नव्या फ्लाइटवर आपोआप जात नाही. सामानाचे पैसे तर नक्की तपासा. काउंटरवर पुन्हा किलोच्या दराने भरावे लागले की डोळे पांढरे होतात.

परताव्याची वाट. कार्डाने थेट एअरलाइनकडे भरले असतील तर सात दिवसांत परतावा द्यायचा नियम आहे. एजंट किंवा पोर्टल मध्ये असेल तरी परताव्याची जबाबदारी एअरलाइनचीच. एजंट तिचा प्रतिनिधी. प्रत्यक्षात एअरलाइन एजंटच्या खात्यात पैसे टाकते आणि एजंट ‘अजून आले नाहीत’ म्हणतो. हा चेंडू टोलवणं थांबवायला एकच प्रश्न: परतावा कोणत्या तारखेला टाकला आणि त्याचा संदर्भ नंबर काय? कार्डाच्या परताव्याला एआरएन नावाचा २३ आकडी नंबर असतो, यूपीआयला १२ आकडी आरआरएन. तो मिळाला की बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. नंबर देता येत नसेल तर परतावा टाकलेलाच नाही, असं धरून चाला. पोर्टलची सुविधा शुल्काची रक्कम बहुधा परत येत नाही. ती सोडून हिशेब करा.

परदेशच्या सेक्टरला थोडं वेगळं गणित. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन फ्लाइट १ सप्टेंबरपासून बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारणं दिली ती विमानांच्या नूतनीकरणामुळे पडलेला तुटवडा आणि पाकिस्तानचं बंद हवाई क्षेत्र. प्रवाशांना न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतून भागीदार कंपन्यांच्या फ्लाइटने पुढे जाण्याचा किंवा पूर्ण परताव्याचा पर्याय होता. म्हणजे मोठ्या कंपनीकडे भागीदार असतात, आणि तिथे दुसऱ्या कंपनीची फ्लाइट मागायला लाजू नये. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या फ्लाइटला तिथला परतावा-नियम लागू: फ्लाइट रद्द झाली, किंवा निघण्याची वेळ सहा तासांहून आधी वा पोचण्याची सहा तासांहून उशिरा गेली, किंवा विमानतळ बदलला, किंवा थांबे वाढले, आणि तुम्ही पर्याय नाकारला, तर पैसे परत, कार्डाला कामकाजाच्या सात दिवसांत.

ब्रिटन आणि युरोपचा नियम जास्त उदार, पण दिशा बघतो. लंडनहून मुंबईला येणारी फ्लाइट भारतीय कंपनीची असली तरी त्यात येते. मुंबईहून लंडनला जाणारी फक्त ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीची असेल तरच. चौदा दिवसांपेक्षा कमी अवधीत कळवलं आणि देऊ केलेला पर्याय वेळेच्या ठरावीक मर्यादेत बसत नसेल, तर लांबच्या प्रवासाला माणशी ५२० पाउंड, युरोपातून ६०० युरो. परदेशात राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या तिकिटात आणखी एक गोष्ट तपासायची: नवा पर्याय कुठल्या देशातून फिरवला आहे. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, कॅनडातही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. यंत्र व्हिसा बघत नाही.

एवढं करूनही अडलं तर तक्रारीची शिडी अशी. प्रत्येक एअरलाइनच्या साइटवर नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला माणूस, आणि त्यावरचा अपील अधिकारी दिलेला असतो. कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक घेऊन त्यांना लिहा. मग केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. ती परत एअरलाइनकडेच जाते, पण यावेळी तिला उत्तराची नोंद ठेवावी लागते, आणि अडकलेले बरेच परतावे इथेच सुटतात. समांतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅकही, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून एअरलाइनच्या गोड आश्वासनांवर महिनोन्महिने काढू नका. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, दिल्ली-गुरुग्रामला जावं लागत नाही; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही; घटनेपासून दोन वर्षांची मुदत; ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल होतो, वकील सक्तीचा नाही. सोबत जोडायचं ते एवढंच: मूळ तिकीट, गायब झालेल्या फ्लाइटचे तारीखवार स्क्रीनशॉट, कंपनीचा मेल, पर्याय नाकारल्याचा तुमचा मेल, आणि रेल्वे किंवा हॉटेलवर झालेल्या खर्चाच्या पावत्या.